मस्कटीनचं बटण-संग्रहालय: शिवणकाम करणाऱ्यांनी चुकवू नये

डोंबिवलीत माझं शिवणाचं दुकान आहे, आणि मुलगी राहते अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्टला. तिथून मिसिसिपीच्या काठाने गाडीने पाऊण तासाच्या आत मस्कटीन येतं. या एवढ्याशा गावाने 1905 साली दीड अब्ज बटणं बनवली, म्हणजे जगातल्या तीन बटणांमागे एक तरी इथलं. तीही नदीतल्या शिंपल्यांची! जॉन बोएपल या जर्मन कारागिराने 1891 मध्ये सुरुवात केली. नॅशनल पर्ल बटण म्युझियम त्या धंद्याचं आहे.

मी जास्तीत जास्त वेळ उभी राहिले ती भोकं पाडलेल्या शिंपल्यांपाशी. बेतून उरलेल्या कापडासारखेच ते. दोन चकत्यांमध्ये किती जागा वाया घालवली, त्यावरून कापणाऱ्याचा हात कळतो. काही शिंपल्यांत अगदी खेटून खेटून कापलंय, वा!

शिंपला आधी पाण्यात भिजवायचा, नाहीतर तडकतो. मग नळीसारख्या करवतीने चकती कापायची, पाठ घासायची. बॅरी बंधूंचं ‘डबल ऑटोमॅटिक’ यंत्र पुढची बाजू कोरून भोकंही पाडायचं. शेवटी पॉलिश. बटणं कार्डावर टाचायचं काम बायका-मुलं घरी बसून करत. आमच्याकडे काज-बटणाचं काम घरी नेणाऱ्या बायका आहेतच की.

बटण-कामगारांच्या 1911 च्या संपाचा भाग घाईत ओलांडू नका. राज्यपालाने मिलिशिया, म्हणजे राज्याची सशस्त्र फौज, पाठवली होती. बटण-कारखान्यातली पर्ल मॅगिल ही कोवळी पोरगी त्यात पुढे आली. मला तरी ती बोएपलपेक्षा मोठी वाटते. तो बिचारा शिंपल्यानेच गेला. पायाला कापलं, रक्तात विष भिनलं, 1912 मध्ये.

पुढे उपसून उपसून नदीतले शिंपले घटले आणि प्लास्टिक आलं. प्लास्टिकला मी नावं ठेवणार नाही, माझं दुकान त्यावरच चाललंय. पण घरात एखादा फार जुना शर्ट असेल तर त्याचं बटण गालाला लावून बघा. शिंपल्याचं असेल तर गार लागेल.

गावातले बाकीचे उद्योगही याच संग्रहालयात बघायला मिळतात. केचपवाल्या हाइन्झचा कारखाना इथे 1893 पासून आहे, ऑफिसचं फर्निचर बनवणारी हॉन कंपनीही इथलीच. ते मी भराभर पाहिलं. उन्हाळ्यात गेलात तर इथली खरबुजं घ्या. रेताड जमिनीतली आहेत, नावाजलेली.