ईमेलच्या सहीत लोगो: एका हळद हंगामाचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. माल एकच, हळद. कंपनीचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो: नागपूर-पुण्याचे व्यापारी, मसाला कारखाने, बँक, कृषी खातं, तपासणीची प्रयोगशाळा, सीए. गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही प्रत्येक ईमेलच्या शेवटी आपोआप येणाऱ्या ओळींत, म्हणजे सहीत, कंपनीचा लोगो लावायला सुरुवात केली. काढणी, शिजवणी, पॉलिश, विक्री असा अख्खा हंगाम त्या सहीवर निघाला.

माझं मत आधीच सांगते. लोगो जरूर लावा. पण सही अशी बांधा की लोगो दिसला नाही तरी समोरच्याचं काही अडू नये. गावाकडच्या कंपनीसाठी हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

लावायला काही कठीण नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडायचं, वरच्या गिअरच्या चिन्हावरून सगळ्या सेटिंग्ज उघडायच्या आणि जनरलच्या पानावर खाली सिग्नेचरपर्यंत यायचं. नवी सही तयार करून चौकटीखालच्या पट्टीतलं चित्राचं चिन्ह दाबलं की चित्र गुगल ड्राइव्हमधून, कॉम्प्युटरवरून किंवा वेबपत्त्यावरून घेता येतं. चित्रावर क्लिक केलं की लहान, मध्यम, मोठा आणि मूळ असे आकार दिसतात. शेवटी पानाच्या पार तळाशी जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबायचं, नाहीतर केलेलं सगळं जातं. ड्राइव्हमधून चित्र घेत असाल तर ती फाइल 'लिंक असलेल्या कोणालाही' दिसेल अशी ठेवावी लागते. आणि ती कंपनीच्या खात्यात असू द्या. कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ड्राइव्हमध्ये लोगो असेल आणि तो माणूस नोकरी सोडून गेला, फाइल उडवली, तर नव्या मेलातला लोगोही त्याच्यासोबत जातो. मी कॉम्प्युटरवरूनच चढवला आणि ही भानगड टाळली.

खरं काम लोगोवरच करावं लागलं. आमचा लोगो हिंगणघाटच्या डीटीपीवाल्या भाऊंनी कोरलड्रॉमध्ये काढलेला. पिवळा हळदीचा कंद, त्यातून वर निघालेली दोन हिरवी पानं आणि खाली अर्धगोलात कंपनीचं पूर्ण नाव. गोदामावरच्या फ्लेक्सवर तो फार देखणा दिसतो. पण ईमेलच्या सहीत लोगोला जागा किती, तर बोटाच्या दोन पेरांएवढी. तिथे आपल्या देवनागरीचे हाल होतात. इंग्रजी अक्षर लहान केलं तरी वाचता येतं. आपल्या अक्षराला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. आमच्या नावातल्या 'समृद्धी'मधला ऋकार आणि जोडाक्षर दोन्ही मिळून एक काळा ठिपका होतात. 'उत्पादक'चा 'त्प' कुठे सुरू होतो ते कळत नाही. अर्धगोलात वाकवलेली ओळ असेल तर शिरोरेषाही पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

म्हणून भाऊंकडून नुसता कंद आणि पानं असलेली वेगळी फाइल करून घेतली. नाव चित्रातून काढलं आणि शेजारी साध्या टाइप केलेल्या अक्षरात लिहिलं. एवढ्या एका बदलाने सही सुधारली. टाइप केलेलं नाव कोणत्याही पडद्यावर स्वच्छ दिसतं, कॉपी करता येतं आणि जुन्या मेलांत शोधलं तर सापडतं. चित्रातलं नाव शोधण्याच्या फार भरवशाचं नसतं.

डीटीपीवाल्यांकडून फाइल घेताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, रंग आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत हवेत. छपाईसाठी ते सीएमवायके या शाईच्या रंगपद्धतीत काम करतात आणि तशीच जेपीजी दिली तर काही मेल प्रोग्राममध्ये रंग भलताच दिसतो. हळदीचा धंदा करणाऱ्याच्या लोगोत पिवळा रंग मळकट दिसणं मला तरी चालत नाही. दोन, फाइल पीएनजी हवी आणि लहान हवी. दिसायची रुंदी १०० पिक्सेल ठेवायची असेल तर फाइल २०० पिक्सेलची घ्या, म्हणजे मोबाइलच्या दाट पिक्सेलच्या पडद्यावरही कडा स्वच्छ राहतात. अशी फाइल साधारण १५-२० केबीत बसते. फ्लेक्ससाठी दिलेली कित्येक एमबीची फाइल सहीत टाकू नका. एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) देतो म्हणाले तरी नको म्हणा. ती वेबसाइटला छान, पण जीमेल आणि जुनं आउटलुक (मायक्रोसॉफ्टचा मेल प्रोग्राम) ईमेलात ती दाखवत नाहीत.

लोगो डावीकडे आणि मजकूर उजवीकडे हवा असेल तर जीमेलच्या सहीच्या चौकटीत टेबल काढायची सोय नाही. गुगल डॉक्समध्ये दोन खान्यांचं टेबल करून, रेषा पुसून, ते तिथून कॉपी करून चिकटवलं की काम होतं.

आता न दिसणाऱ्या लोगोबद्दल. हंगाम ऐन भरात असताना एका खरेदीदाराच्या हिशेबनिसांचा फोन आला. "मॅडम, मेल भेटला जी, पण खाली नुसती लाल फुली दिसून राहिली. काही पाठवलं होतं काय?" त्यांच्याकडे आउटलुक. बाहेरून येणारी चित्रं कॉम्प्युटरवरचं आउटलुक बहुधा आपोआप उतरवत नाही, वाचणाऱ्याने परवानगी दिली तरच दाखवतं. त्यामागे कारण आहे. मेलातलं चित्र उघडलं की मेल कधी वाचला हे पाठवणाऱ्याला कळू शकतं, म्हणून कितीतरी कंपन्या आणि सरकारी कार्यालयं ही परवानगी बंदच ठेवतात. जीमेल २०१३च्या डिसेंबरपासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरवरून आणून थेट दाखवतं, त्यामुळे जीमेलवाल्यांना लोगो लगेच दिसतो. पण आपण मेल कोणाला पाठवतो आणि तो कशात वाचतो, हे आपल्या हातात नसतं. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात लाईन गेली की टॉवरही मान टाकतो. अशा नेटवर मजकूर येतो आणि चित्राची जागा रिकामी राहते.

त्या हिशेबनिसांचं काम अडलं नाही, कारण फुलीच्या बाजूला सगळं लिहिलेलं होतं. कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, फोन, ईमेल, एकवीस अक्षरी सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक. कंपनी कायदा २०१३च्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन, ईमेल द्यावंच लागतं, आणि उत्पादक कंपनीही कंपनीच असते. सौदा ईमेलवर ठरतो, दर ईमेलवर कळवतो, मग ते पत्रच झालं असं धरून मी चालते. काही कंपन्यांच्या सह्या मी पाहते, त्यात नाव-पत्ता-फोन सगळं एका रंगीत पट्टीच्या चित्रात भरलेलं असतं. दिसायला झकास, पण चित्र अडलं की खाली काहीच उरत नाही. त्यातला फोन नंबर बोटाने दाबून लावताही येत नाही.

ऑफिसातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर आम्ही थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरतो, कारण नेट नसताना मेल लिहून ठेवता येतात आणि नेट आल्यावर जातात. तिथे सहीची एचटीएमएल (वेबपानासारखी) फाइल करून अकाउंट सेटिंग्जमध्ये जोडली. यात लोगो मेलाच्या आतच बसून जातो, बाहेरून आणावा लागत नाही, म्हणून आउटलुकमध्येही बहुतेक वेळा दिसतो. वर त्या फाइलमध्ये पर्यायी मजकूर लिहायची सोय असते, म्हणजे चित्र नाहीच उघडलं तर त्या जागी कंपनीचं नाव दिसतं. पण यालाही एक खोट आहे. काही ठिकाणी असा लोगो अटॅचमेंट म्हणून दिसतो. बिल जोडलंय असं समजून माणूस ते उघडतो आणि आत हळदीचा कंद निघतो. बिल जोडलेल्या मेलात मी म्हणून 'सोबत बिलाची पीडीएफ एक' असं शब्दांत लिहिते.

उत्तराच्या मेलात लोगो नकोच. दरावरून घासाघीस सुरू झाली की एकाच मेलाखाली भराभर उत्तरं साचतात, आणि दरवेळी लोगो आला तर मूळ बोलणं शोधायला खाली खाली जावं लागतं. जीमेलमध्ये २०२० पासून एकापेक्षा जास्त सह्या ठेवता येतात आणि नव्या मेलाला कोणती, उत्तराला कोणती हे ठरवता येतं. नव्या मेलाला लोगोसह पूर्ण सही, उत्तराला नुसतं नाव, कंपनी आणि फोन. ही सोय मला सगळ्यात जास्त आवडली आणि सगळ्यात कमी लोक वापरतात.

डार्क मोडचीही, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीच्या पडद्याचीही काळजी घ्या. आमच्या कंदाची बाह्यरेषा गडद तपकिरी, पार्श्वभूमी पारदर्शक. काळ्या पडद्यावर रेषा गडप होते आणि पिवळा डाग तेवढा राहतो. भाऊंनी बाहेरून बारीक पांढरी कड दिली, प्रश्न मिटला. पांढऱ्या पडद्यावर ती कड दिसतही नाही.

मोबाइलचं मात्र जमलेलं नाही. जीमेलच्या ॲपमधली मोबाइल सिग्नेचर फक्त मजकूर घेते, चित्र घेत नाही. आमचे चेअरमन काका वावरातून, मंडीतून मोबाइलवरच उत्तरं देतात, त्यांच्या मेलात लोगो नसतो. मी त्यांच्या फोनमध्ये तीन ओळींची सही टाइप करून दिली, शब्द तेच, क्रमही तोच. आजवर कोणाचं काही अडलेलं नाही.

काकांना भौगोलिक मानांकनाचं (माल त्याच भागातला असल्याच्या सरकारी नोंदीचं) चिन्हही सहीत हवं होतं. आमच्या भागातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आम्हा सगळ्यांनाच आहे. पण ते चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांसाठी आहे आणि त्याची जागा मालाच्या पाकिटावर आहे, असं मी त्यांना सांगितलं. एका सहीत दोन चित्रं आली की दोन्ही बारीक होतात. काकांना पटलं.

बऱ्याच जणांना वाटतं की सहीत लोगो लावला की इनबॉक्समध्ये नावापुढच्या गोलातही तोच येईल. तसं होत नाही. तो गोल खात्याच्या प्रोफाइल फोटोवरून येतो, तिथे लोगो वेगळा लावावा लागतो. तोही लावा, जीमेलवाल्या व्यापाऱ्यांना आपला मेल गर्दीत चटकन ओळखू येतो.

आणि लोगोवर एक भरवसा कोणीही ठेवू नये. मेल खरा असल्याचा तो पुरावा नाही. तुमच्या एका मेलातून लोगो उचलून खोट्या मेलाखाली लावायला कोणालाही अर्धा मिनिट पुरतं. कास्तकारांचे पैसे बँकेत यायचे असतात, तेव्हा याची भीती वाटते. म्हणून आमच्या सहीत शेवटची ओळ अशी आहे: 'आमचं बँक खातं बदलल्याचं आम्ही केवळ ईमेलवर कळवत नाही. पैसे पाठवण्याआधी वरील क्रमांकावर फोन करून खात्री करा.' पुण्याच्या एका नव्या खरेदीदाराने ती ओळ वाचून मोठी रक्कम टाकण्याआधी फोन केला, खातं क्रमांक अंक-अंक वाचून घेतला आणि मगच पैसे पाठवले.