पावतीवर ‘देणगी’ लिहिलं होतं

मोफत सरकारी कोर्सच्या नावाखाली माझे १८,५०० रुपये गेले. नोंदणी ५००, युनिफॉर्म आणि साहित्य ३,२००, नोकरीची अनामत १२,०००, परीक्षा फी २,८००. यातले १०,००० बचत गटातून महिना २ टक्क्यांनी उचलले. बाकीचे लाडक्या बहिणीचे हप्ते साठवून आणि कानातली फुलं गहाण टाकून भरले. आकडे आधीच लिहिते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो आणि मग म्हणतो, “एवढे दिलेसच कसे?”

कसे दिले ते सांगते. माझा नवरा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेला. त्यानंतर आमच्यासारख्या बायकांच्या याद्या झाल्या, घरी येऊन फॉर्म भरून नेले. ५०,००० चं सानुग्रह अनुदान खात्यात आलं, पुढे मुलीला बालसंगोपनचे पैसेही सुरू झाले. दारात येऊन आधार कार्ड आणि मृत्यूचा दाखला मागणारी माणसं खरी असतात, हाच माझा अनुभव होता. ऑगस्ट २०२४ मध्ये गळ्यात ओळखपत्र घातलेल्या दोन मुली आल्या. एकल महिलांसाठी नर्सिंग असिस्टंटचा मोफत कोर्स, चार महिने, नंतर हॉस्पिटलात १४,००० पगार. तेव्हा मी कशाच्या जोरावर संशय घ्यायचा होता? मी बारावी पास आहे, अडाणी नाही.

आणि खरं सांगायचं तर मी पगाराला भुलले नाही. त्या मुलींनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, क्लासच्या वेळेत मुलीला कोण बघणार?” याआधी मी तीन ठिकाणी कोर्सची चौकशी केली होती, हे कोणी विचारलं नव्हतं. वेळ ११ ते २, मुलांना सोबत आणा, वेगळी खोली आहे. एकटीने मूल वाढवणाऱ्या बाईला कुठे पकडायचं, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्या खोलीत एक सतरंजी आणि चाक तुटलेली दोन खेळणी होती. मला तेवढंही पुष्कळ वाटलं. दुपारचं स्वयंपाकाचं एक काम मी सोडलं. महिना २,५०० प्रमाणे चार महिन्यांचे १०,००० बुडाले, ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.

आम्ही ३१ जणी होतो आणि बीपीचं मशीन एक. त्याच्या रबरी फुग्याला चीर गेलेली, कितीही दाबला तरी पट्टा फुगेना. शिकवणारी म्हणाली, “१२०/८० लिहा सगळ्या, नॉर्मल तेवढंच असतं.” ३१ वह्यांमध्ये १२०/८० लिहिलं गेलं. माझी वही अजून माझ्याकडे आहे. उद्या कोणाच्या आजारी माणसाच्या उशाशी मी बसणार होते आणि मला बीपी घेता येत नव्हतं. तेव्हाच उठायला हवं होतं.

पण त्याहून मोठी चूक पावतीची. अनामतीचे १२,००० भरले आणि जिना उतरता उतरता पावती वाचली. रकमेसमोर लिहिलेलं होतं, ‘स्वेच्छा देणगी’. मी परत वर गेले. मॅडम हसून म्हणाल्या, “अहो ताई, ट्रस्ट आहे ना, ऑडिटला असंच लिहावं लागतं.” मुलगी खाली एकटी उभी होती, मागे आणखी दोघी पैसे घेऊन थांबल्या होत्या, मी पावती घडी करून पर्समध्ये टाकली. तो एक मिनिट मी रोज रात्री आठवते. बचत गटातून कर्ज काढून देणगी कोण देतं? एवढा एक प्रश्न मी तिथे उभं राहून विचारायला हवा होता.

जानेवारीत प्रमाणपत्र आणि एका हॉस्पिटलच्या नावाचं पत्र मिळालं. तिथल्या बाईंनी पत्र बघितलं आणि विचारलं, “हे कुणी दिलं? आम्ही कुणाला पत्र दिलेलंच नाही.” नर्स म्हणून घ्यायचं तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, असंही त्यांनी शांतपणे समजावलं. एएनएम बारावीनंतर दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. चार-सहा महिन्यांत कोणी ‘नर्स’ बनवतो म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. मी सेंटरवर गेले तर कुलूप. फोन बंद.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या, तिन्ही दिवसांची कामं बुडाली. “देणगी दिलीत ना? सही तुमचीच ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे.” शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात दिली. कौशल्य विकासाचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेले तर उत्तर मिळालं, “हे केंद्र आमच्या यादीतच नाही, आम्ही काही करू शकत नाही.” अहो, यादीत नाही हीच तर माझी तक्रार! भर वस्तीत, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर सरकारी योजनेचा बोर्ड लावून चार महिने वर्ग चालले, तो बोर्ड कोणाच्या डोळ्यांना दिसला नाही? ट्रस्टची नोंदणी बघायला गेले, तर पावतीवरचा नंबर भलत्याच संस्थेचा निघाला. “लेखी द्या, बघू.” मे महिन्यात लेखी दिलं. अजून बघतायत. प्रत्येक टेबलावर एकच वाक्य ऐकलं, “ताई, तुम्ही आधी चौकशी करायला हवी होती.” चौकशी करायची कुठे, हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

म्हणून मीच सांगते. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत किंवा दीनदयाळ ग्रामीण कौशल्य योजनेत शिकणाऱ्याकडून फी घेत नाहीत. सरकारचं नाव घेऊन नोकरीची अनामत मागितली की उठा. गावाकडच्या बायकांनी बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत विचारावं, तिथे राहणं-जेवणसुद्धा मोफत असतं. ‘आमच्या १०० टक्के मुली नोकरीला लागल्या’ म्हणतात ना, त्यातल्या तिघींना प्रत्यक्ष भेटा. फोनवर नाही, त्यांच्या कामाच्या जागी. सहा महिन्यांनंतरही त्या तिथेच आहेत का, पगार खात्यात येतो का, ते विचारा. आम्हाला सेंटरमध्ये दाखवलेली ‘नोकरीला लागलेली’ मुलगी त्यांचीच कामगार होती.

ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, जुनं ४२० शोधत बसू नका. हे मला एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथे मी अर्ज टाकला आहे.

३१ पैकी चौघींनीच तक्रारीवर सह्या केल्या. बाकीच्यांना सासरी कळेल, भावाला कळेल याची भीती. मी त्यांना दोष देत नाही. गटाच्या मीटिंगला हप्ता भरताना माझीही मान खाली जाते. पण ज्या कोणाकडे अशी ‘देणगी’ची पावती असेल त्यांनी ती रागाने फाडू नका. वही, पावती, सेंटरचे व्हॉट्सअॅप मेसेज, युनिफॉर्मवरचं नाव, सगळं जपून ठेवा. पाचवी सही मला अजून हवी आहे.