‘ऑनव्हिफ आहे ना सर’ म्हणत ७७ हजारांना गंडवलं

घराला सीसीटीव्ही बसवून घेतला, त्याचा हा हिशेब. आठ कॅमेरे प्रत्येकी ४,२५०, म्हणजे ३४,०००. आठ चॅनेलचा एनव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) ९,८००. पीओई स्विच (एकाच वायरीतून वीज आणि डेटा देणारा) ५,६००. कॅट सिक्स नेटवर्क वायरीची ३०५ मीटरची पेटी ६,४००. चार टीबीची सर्व्हेलन्स हार्ड डिस्क ९,२००. आणि ‘होम असिस्टंट इंटिग्रेशन’चे, म्हणजे घरातली उपकरणं एका जागी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला कॅमेरे जोडून देण्याचे, १२,०००. बेरीज ७७,०००. त्यातले २५,००० यूपीआयने दिले, उरलेले ५२,००० रोख. कारण बिल नको म्हटलं की जीएसटीचे १३,८६० वाचणार होते. हो, ही अक्कल माझीच, आणि तिची किंमत पुढे तक्रारीच्या प्रत्येक खिडकीवर वसूल झाली.

स्वस्ताच्या मोहाला भुललो असंही नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत भाव काढून झाला होता, या बसवणाऱ्याचं कोटेशन त्याहून जेमतेम तीन हजारांनी कमी होतं. व्हॉट्सॲपवर चार अटी स्पष्ट लिहून दिल्या होत्या: ऑनव्हिफ प्रोफाइल एस (कोणत्याही कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या यंत्रणेशी जुळावा म्हणून ठरवलेलं मानक), आरटीएसपीचे (घरातल्या नेटवर्कवर कॅमेऱ्याकडून थेट चित्र घ्यायची पद्धत) मेन म्हणजे पूर्ण दर्जाचा आणि सब म्हणजे हलका असे दोन्ही स्ट्रीम, सबस्ट्रीम एच २६४ या व्हिडिओ प्रकारात, आणि इंटरनेट बंद असतानाही सगळं चाललं पाहिजे. उत्तरात वर केलेला अंगठा आणि ‘होईल सर, ऑनव्हिफ आहे ना’. अंगठ्याला होकार समजू नका. चारही अटी त्याच्याकडून शब्दांत लिहून घ्या, मॉडेल नंबरासकट.

खरं तर सगळं एका मिनिटात उघडं पडलं होतं. पोर्चमधला कॅमेरा बसवून त्या विक्रेत्याच्या पोऱ्याने त्याच्या पोटावरचा क्यूआर मोबाइलने स्कॅन केला, चित्र आलं. मी विचारलं, “आरटीएसपीचा पत्ता काय याचा?” तो म्हणाला, “ते क्यूआरमध्येच असतं सर.” तिथेच शिडीवरून उतरवायला हवा होता त्याला. त्या क्यूआरमध्ये असतो तो पीटूपीचा युआयडी, म्हणजे कॅमेऱ्याचा ओळख क्रमांक. ॲप तो घेऊन कंपनीच्या सर्व्हरकडे जातं आणि सर्व्हर कॅमेऱ्याशी गाठ घालून देतो. आरटीएसपीच्या पत्त्यात कॅमेऱ्याचा घरातला आयपी असतो, बहुधा पोर्ट ५५४, पुढे स्ट्रीमचा मार्ग. तो क्यूआरमध्ये नसतो, तो मॅन्युअलमध्ये असतो. एका नामांकित बनावटीच्या पत्त्यात १०१ म्हणजे पहिल्या चॅनेलचा मेन स्ट्रीम आणि १०२ म्हणजे सब. हे पाठ असूनही मी ते उत्तर गिळलं. राउटर हाताच्या अंतरावर होता. त्याची वॅनची, म्हणजे बाहेरून इंटरनेट आणणारी, वायर उपसली असती तर दहा सेकंदांत चित्र गेलं असतं. उपसली नाही. पोऱ्याला चहा विचारला.

नुसत्या ॲपवरूनही निकाल देऊ नका, कारण काही चांगल्या कॅमेऱ्यांचं ॲपसुद्धा इंटरनेट नसलं की रुसतं. कसोटी लॅपटॉपवर घ्यायची. वॅन काढलेली, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये नेटवर्क स्ट्रीम उघडून आरटीएसपीचा पत्ता टाकलेला, आणि चित्र चालू. हे झाल्याशिवाय दुसरा कॅमेरा खोक्यातून काढूच द्यायचा नाही.

संध्याकाळी ‘हँडओव्हर’ झाला. भिंतीवरच्या टॅबलेटवर होम असिस्टंटच्या शेजारी त्या ॲपचं आयकॉन आणून ठेवलेलं. “झालं सर इंटिग्रेशन.” एका आयकॉनचे बारा हजार!

मग पोर्ट तपासले. आठही कॅमेऱ्यांवर ५५४ बंद, वेब पानच नाही, ऑनव्हिफ शोधणारं साधन गप्प. एनव्हीआर त्याच बनावटीचा, कॅमेऱ्यांशी खासगी प्रोटोकॉलने बोलणारा आणि बाहेर स्ट्रीम न देणारा, म्हणजे ती वाटही बंद. लगेच बोंब मारू नये म्हणून नेहमीची कारणंही पाहून झाली. तुमच्याकडे असं झालं तर आधी हीच बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असतं आणि त्याचा युजर-पासवर्ड ॲडमिनहून वेगळा बनवावा लागतो. ऑनव्हिफचा शोध यूडीपी पोर्ट ३७०२ वर मल्टिकास्टने, म्हणजे नेटवर्कात सगळ्यांना एकदम हाक मारून, चालतो, कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) असतील तर काहीच सापडत नाही. आयपी हाताने घाला. पासवर्ड बरोबर असून नकार येत असेल तर कॅमेऱ्याचं घड्याळ बघा, लॉगिनमध्ये वेळ मिसळलेली असते आणि घड्याळ चुकलं की कॅमेरा ओळख नाकारतो. आणि पीओई पोर्ट एनव्हीआरच्याच पाठीवर असतील, तर कॅमेरे बहुधा त्याच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये अडकलेले असतात. मग स्ट्रीम एनव्हीआरकडूनच घ्यायचा. माझ्याकडे यातलं एकही लागू नव्हतं. कॅमेऱ्यांत ती सोयच नव्हती.

पण खोक्यावर ऑनव्हिफ छापलेलं होतं ना? छापायला काय जातं! ऑनव्हिफची स्वतःची यादी संकेतस्थळावर आहे. तिच्यात मॉडेल नसेल तर ते ऑनव्हिफ नाही, संपलं. माझ्या कॅमेऱ्यांच्या लेबलवर मॉडेलच्या जागी नुसतं ‘आयपी कॅम’ लिहिलंय. यादीत शोधणार काय? भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही लेबलवर नाही. तो बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येतो. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

पाच मेगापिक्सेल सांगितले होते, म्हणजे २५९२ गुणिले १९४४. एनव्हीआरमधून क्लिप काढून गुणधर्म बघितले तर २३०४ गुणिले १२९६, जेमतेम तीन. हार्ड डिस्क ‘सीलबंद’. डिस्क स्वतःच्या तब्येतीची ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तिच्यात नववा आकडा, चालू तासांचा, ३१,४१२. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे साडेतीन वर्षं कुठेतरी घासून आलेली. हा आकडा शून्यावर आणणारे महाभागही असतात. याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

सगळ्यात जास्त संताप वायरीचा. रात्र झाली की मागच्या अंगणातले दोन कॅमेरे बंद-चालू व्हायचे. दिवसा ठणठणीत. इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, लांबच्या वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. एक टोक ब्लेडने खरवडलं. वर तांबूस झिलई, आत पांढरं: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. लोहचुंबक लावून काही कळत नाही, ॲल्युमिनियमला तो चिकटतच नाही. खरवडा, किंवा पेटी उचलून बघा. हलकी लागली की परत द्या.

आता तक्रारींचं. चौकीत ऐकवलं, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी आहे, कोर्टात जा.” ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर विचारलं, ओटीपी दिला का, लिंक दाबली का? नाही? मग आमच्या प्रकारात बसत नाही. म्हणजे लिंक दाबून लुटलो असतो तर दखल घेण्याजोगा ठरलो असतो. ग्राहकांच्या हेल्पलाइनला बिल क्रमांक हवा. यूपीआयचा क्रमांक घातला, अकरा दिवसांनी ‘विक्रेत्याशी संपर्क होऊ शकला नाही’ असा शेरा आणि तक्रार ‘निकाली’. कुणाच्या बाजूने निकाली ते विचारायला फोन केला तर नवी तक्रार नोंदवा म्हणाले. कराच्या कार्यालयात बिल न देणाऱ्याबद्दल सांगायला गेलो, तिथे साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “बिल नको कोण म्हणालं होतं?” तिथे मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण बिल नाही म्हणून ७७ हजारांचा कचरा गळ्यात मारायची मुभा मिळते का? याचं उत्तर चारही ठिकाणी कुणाकडे नव्हतं.

उरला जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज, आणि स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येतो. व्हॉट्सॲपचं संभाषण जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र सोबत लावा. संभाषण पुसू नका, ‘डिसअपिअरिंग’ चालू असेल तर आजच बंद करा. ते ५२,००० मात्र कागदावर कुठेच नाहीत. किमान ३० टक्के रक्कम व्हीएलसीची कसोटी होईपर्यंत हातची सोडू नका.

कॅमेरे काढून टाकता येतात. वायर मात्र भिंतीतल्या पाइपात आहे, २१० मीटर. जुन्या वायरीला नवी बांधून ओढू असा विचार करत असाल तर करू नका. ही तकलादू वायर ताण सोसत नाही. जिन्याच्या वळणावर तुटली, तिचा सहा मीटरचा तुकडा आत अडकलाय, आणि आता तिथलं प्लास्टर फोडावं लागणार आहे.