ग्रीन कार्ड: जोडीदाराचा अर्ज सोबतच भरावा, की मागाहून मुंबईतून?

नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची (अमेरिकेतल्या कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची) रांग सरकत सरकत आपल्या तारखेपर्यंत, म्हणजे आपण रांगेत लागलो त्या दिवसापर्यंत येते, आणि नेमकी तेव्हा बायको (किंवा नवरा) नोकरीसाठी भारतात असते. अशा वेळी दोन वाटा उरतात. जोडीदाराला अमेरिकेत बोलावून दोघांचे आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचे अर्ज) एकत्र भरायचे, किंवा आपण एकट्यानं भरायचा, कार्ड हातात आलं की आय-८२४ (ते मंजूर झाल्याचं पुढं कळवण्याचा अर्ज) भरायचा आणि जोडीदाराची फाइल मुंबईच्या कॉन्सुलेटमधून पुढं न्यायची. ऑक्टोबर २०२० मध्ये आमच्यावर ही निवड करायची वेळ आली. मी न्यू जर्सीत एडिसनला होतो, ही पुण्यात कॉलेजात शिकवत होती. त्या महिन्यात ईबी-३ मध्ये (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या गटांपैकी एक; ईबी-२ हा दुसरा) भारतीयांसाठी अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत गेली. माझी तारीख २०१४ ची, म्हणजे मला अर्ज भरता येणार होता.

खरं सांगायचं तर माझा पहिला कल मुंबईकडे होता. त्या वाटेत हिच्या नोकरीला हात लागत नव्हता. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून, मेडिकल आणि मुलाखत मुंबईत, म्हणजे सकाळी डेक्कन क्वीननं जायचं आणि संध्याकाळी परत. व्हिसा मिळाला की प्रवासासाठी साधारण सहा महिने मिळतात, त्यामुळे सत्र संपवून, घर आवरून निघता येतं. ग्रीन कार्डधारक म्हणून अमेरिकेत राहण्याचे दिवसही ती इथं उतरल्यापासूनच मोजले जातात. सासूबाई एकट्या असल्यानं हे सगळं आम्हाला सोयीचं वाटत होतं.

मग एका रात्री फोनवर बोलताना हिनं विचारलं, "तुझं कार्ड आल्यावर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत कशी येणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) माझ्या एच-१बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) टेकलेला. मला कार्ड मिळालं की माझं एच-१बी संपतं, आणि त्याबरोबर तिचा एच-४ सुद्धा. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत शिल्लक असली तरी त्यावर येता येत नाही. पर्यटक व्हिसा मागायचा, तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज सुरू असलेल्या माणसाला तो मिळणं फार कठीण. म्हणजे इतकी वर्षं वेगळं राहूनही मे महिन्यात आणि दिवाळीत जी भेट व्हायची, ती माझं कार्ड आल्या दिवसापासून फक्त मी भारतात गेलो तरच. एकत्र येण्यासाठी जो अर्ज करायचा, त्यानंच तिचं येणं थांबणार होतं. बाकीचे हिशेब मी बरेच केले होते, पण ही एक गोष्ट कळल्यावर निर्णय जवळपास झालाच. दूर राहणाऱ्या जोडप्याला फी आणि फॉर्म यांपेक्षा पुढची भेट कधी, हेच जास्त महत्त्वाचं असतं, निदान आमच्यासाठी होतं.

आणि ही अडचण किती दिवसांची, हेही कुणी सांगू शकत नाही. आय-८२४ चं काम म्हणजे तुमचं कार्ड मंजूर झाल्याचा निरोप पुढच्या कार्यालयाला पोचवणं. तो पोचेपर्यंत व्हिसा बुलेटिनमधली (रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या दरमहाच्या सरकारी पत्रकातली) तारीख मागे गेली, तर जोडीदाराची फाइल तिथंच थांबते. माझ्या एका मित्राच्या बाबतीत हेच झालं. त्याची तारीखही २०१४ ची, वहिनी नागपूरला बँकेत. त्याचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये आलं. सप्टेंबरच्या बुलेटिनात ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ होती, ऑक्टोबरच्या बुलेटिनात ती १ एप्रिल २०१२ झाली. २०२५ सरत आलं तरी ती २०१४ पर्यंत परत आली नव्हती. एकत्र भरलेल्या अर्जालाही मागे गेलेली तारीख थांबवते, पण तेव्हा जोडीदार निदान आत असतो, कामाचा आणि प्रवासाचा परवाना हातात ठेवून.

एकत्र अर्जाची किंमत मात्र हिनं मोजली, मी नाही. कोविडमुळे कॉलेज ऑनलाइन होतं म्हणून ती येऊ शकली. पुण्यात सकाळचे साडेदहा म्हणजे हिवाळ्यात आमच्याकडे रात्रीचे बारा. शेजारच्या खोलीत मुलं झोपलेल्या घरात ती दबक्या आवाजात थर्मोडायनॅमिक्स शिकवायची आणि पहाटे झोपायची. बोटांच्या ठशांचं पत्र जेमतेम दोन आठवडे आधी येतं. ते कधी येईल हे माहीत नसल्यानं परत जायचं तिकीट काढता येईना. एच-४ चा शिक्का चालू असेल तर अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाता येतं, पण हिचा मध्येच संपला. अशा वेळी प्रवासाचा परवाना येण्याआधी देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. परवाना हातात पडला, मगच २०२१ च्या नोव्हेंबरात ती पुण्याला गेली. आमच्या वेळी माणशी १२२५ डॉलरमध्ये दोन्ही परवाने धरून सगळं व्हायचं. एप्रिल २०२४ पासून परवान्यांचे पैसे वेगळे भरावे लागतात, तेव्हा खर्चाचा अंदाज जुन्या लोकांना विचारून करू नका.

पुढच्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आलेली असताना आठवड्याच्या अंतरानं दोघांची कार्डं आली. तिच्या हाताखाली पीएचडीचे दोन विद्यार्थी होते, त्यांना अर्ध्यावर सोडायचं तिच्या मनात नव्हतं. म्हणून तिनं इथं असतानाच री-एंट्री परमिटचा (कार्ड असताना बराच काळ बाहेर राहून परत येण्याच्या परवान्याचा) अर्ज केला, ठसे होईपर्यंत थांबली आणि मग परतली. हा अर्ज भारतातून करता येत नाही, हे लक्षात ठेवा. परमिट दोन वर्षांचं असतं. त्या मुदतीत एक विद्यार्थी पूर्ण झाला, दुसऱ्याला तिनं सहकाऱ्याकडे सोपवलं, आणि मे २०२४ मध्ये ती कायमची आली.

त्यामुळे मुंबईची वाट वाईट, असं मी म्हणणार नाही. पुढची तीन-चार वर्षं जोडीदाराला हलणं शक्यच नसेल, पेन्शनला थोडी वर्षं उरली असतील किंवा घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर कार्ड घेऊन भारतात राहणं धोक्याचं. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर नागरिकत्वाच्या हिशेबात खंड पडू शकतो, आणि परमिटाशिवाय वर्षाच्या वर राहिलात तर कार्डावर परत येणंच कठीण. अशांनी मुंबईतूनच जावं. फक्त लग्न तुमच्या कार्डाच्या आधी झालेलं असायला हवं. नंतर झालं तर ही वाट बंद होते आणि वेगळ्या रांगेत उभं राहावं लागतं. दोन्ही वाटांना जन्मदाखला लागतोच. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, तेव्हा महापालिकेतलं ते काम आधी उरकून घ्या.

पण दोन वर्षांत एकत्र यायचं आहे, याबद्दल दोघांच्या मनात शंका नसेल, तर मी एकत्र अर्जाकडे झुकेन. आणि तारीख जवळ येत असेल तर जोडीदाराच्या पासपोर्टवरचा एच-४ चा शिक्का कधी संपतो, ते आत्ताच बघा. जून २०२० च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं नवे एच-१बी आणि एच-४ व्हिसा देणं बंद झालं होतं, ते थेट मार्च २०२१ अखेरपर्यंत. ऑक्टोबरात तारीख खुली झाली तेव्हा ज्यांच्या पासपोर्टवर चालू शिक्का नव्हता, त्यांना इच्छा असूनही विमानात बसता आलं नाही. हिच्या शिक्क्याचे तेव्हा तीन महिने उरले होते.