फ्लीटवूड मॅकचा तीन सीडींचा संच: होळी ते दिवाळी ऐकल्यानंतर

‘५० इयर्स – डोन्ट स्टॉप’ हा फ्लीटवूड मॅक या रॉक बँडचा संच होळीच्या सुमारास मागवला, आता दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी गेलाय. मधल्या काळात तो गाडीत वाजला, घरी वाजला, नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशी भांडत वाजला. संच २०१८ चा आहे. पन्नास गाणी, १९६८ पासून २०१३ पर्यंत, बहुतांशी काळाच्या क्रमाने. पाकिटाचा एक कोपरा चेपून आला होता. विकणाऱ्याने फोटो मागवले आणि मग मौन धरलं. सीड्या धडधाकट होत्या म्हणून मीही सोडून दिलं.

धरमपेठेतल्या एका मित्राने पाकीट पाहिल्याबरोबर विचारलं, "काहून पैसे घालून राहिला बे? सगळं मोबाइलवर आहे न." आहे, पण मोबाइलवर आधी सर्वात जास्त ऐकलेली गाणी येतात, आणि या बँडच्या बाबतीत तिथेच घोटाळा होतो. तेवढी आठ-दहा गाणी ऐकून वाटतं की ही १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेली मंडळी. हा बँड १९६७ मध्ये लंडनमध्ये पीटर ग्रीनने उभा केला, आणि तो अस्सल ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दर्दभरं संगीत, वाजवायचा. पहिली सीडी लावली की पहिल्याच गाण्यात ते कळतं.

‘ब्लॅक मॅजिक वुमन’ आपल्याला सॅन्टाना या अमेरिकी बँडचं म्हणून माहीत. मूळ गाणं ग्रीनचं, १९६८ चं. ते ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत, म्हणजे चार्टमध्ये, ३७ व्या क्रमांकापर्यंतच गेलं, आणि सॅन्टानाने तेच अमेरिकेत चौथ्यावर नेलं. ग्रीनचा बँड खऱ्या अर्थाने चढला तो ‘अल्बट्रॉस’मुळे. यात एक शब्द गायलेला नाही, तरी जानेवारी १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक. मिक फ्लीटवूड इथे मऊ गोळा लावलेल्या काठ्यांनी ड्रम वाजवतो, त्यामुळे ठोका कानावर आदळत नाही, नुसता खालून सरकत राहतो. मे महिन्यात कूलर फुल स्पीडवर असताना यातलं निम्मंही ऐकू येत नव्हतं. ऑक्टोबरात कूलरची टाकी रिकामी केली, तेव्हा त्या दोन गिटारी वेगवेगळ्या कळल्या. पुढची ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘ओह वेल’ ही दोन्ही ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर. अमेरिकेने यातल्या कशाचीच फारशी दखल घेतली नाही.

इतके महिने ऐकल्यावर माझं मत असं झालंय की चार्टचे आकडे पाहिले तर एकाच नावाचे दोन बँड दिसतात, एक ब्रिटनचा आणि एक अमेरिकेचा. गिटारवादक-गायक लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स बँडमध्ये आल्यानंतरचा १९७५ चा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचायला वर्षाहून जास्त काळ लागला, पोचला सप्टेंबर १९७६ मध्ये. मग १९७७ चा ‘रूमर्स’: अमेरिकेत ३१ आठवडे पहिला, आणि चार गाणी पहिल्या दहात. त्यातलं ‘ड्रीम्स’ हे त्यांचं तिथलं एकमेव नंबर एक गाणं. हेच ‘ड्रीम्स’ ब्रिटनमध्ये २४ वर अडलं, ‘गो युअर ओन वे’ ३८ वर. ‘रूमर्स’ अल्बमसुद्धा ब्रिटनमध्ये एकच आठवडा पहिला होता, जानेवारी १९७८ मध्ये. पण तिथल्या यादीत त्याने एकूण हजाराहून जास्त आठवडे काढलेत! कुठला आकडा मोठा मानायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी हजार आठवडे जड वाटतात.

तिसऱ्या सीडीवर पारडं परत फिरतं. ‘ओह डायन’ ब्रिटनमध्ये नववं, अमेरिकेत कोणी विचारलं नाही. १९८७ चा ‘टँगो इन द नाइट’ ब्रिटनमध्ये पहिला, अमेरिकेत सातवा. त्यातलं ‘एव्हरीव्हेअर’ ब्रिटनमध्ये चौथं, अमेरिकेत चौदावं. त्या काळातला सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) चकचकाट मला पंधरा मिनिटांवर सोसत नाही, पण बँडची गायिका क्रिस्टीन मॅकव्हीचा आवाज त्यातूनही स्वच्छ बाहेर येतो.

संचाबद्दल तक्रार आहे ती मधल्या काळाची. १९७० ते ७४, म्हणजे ग्रीन गेला आणि बकिंगहॅम-निक्स यायचे होते, ती सगळी वर्षं पहिल्या सीडीच्या शेपटाला कोंबलीत. ‘सँड्स ऑफ टाइम’ मूळ अल्बमवर सात मिनिटांच्या वर आहे, इथे सिंगलसाठी, म्हणजे सुट्या गाण्याच्या रेकॉर्डसाठी, कापलेलं दिलंय आणि नेमका तरंगणारा भाग गेलाय. गंमत म्हणजे मी सर्वात जास्त वाजवलं ते हेच शेपूट. त्या मधल्या वर्षांतला गिटारवादक-गायक बॉब वेल्च, त्याचं ‘हिप्नोटाइज्ड’ रात्री वर्धा रोडवर गाडी चालवताना लावा, मग बोलू. त्याचं ‘सेंटिमेंटल लेडी’ १९७२ मध्ये चाललं नाही. बँड सोडल्यावर त्याने तेच पुन्हा रेकॉर्ड केलं, जुने सोबती मदतीला आले, आणि ते अमेरिकेत आठव्या क्रमांकावर गेलं.

‘टस्क’वरही अन्याय झालाय. १९७९ चा हा जोड-अल्बम बनवायला दहा लाख डॉलरच्या वर खर्च आला. ब्रिटनमध्ये पहिला, अमेरिकेत चौथा, तरी ‘रूमर्स’च्या मानाने कमी खपला म्हणून पडेल ठरला. त्यातली बकिंगहॅमची तिरपागडी गाणी इथे बहुतेक गाळलीत. तो अल्बम वेगळा घ्यावाच लागेल.

भाच्याला मात्र हे सगळं सांगायची सोय नाही. ‘ड्रीम्स’ लागलं की म्हणतो, "मामा, हे तर त्या स्केटबोर्डवाल्याचं गाणं होय न?" २०२० मध्ये एक माणूस क्रॅनबेरीचा रस पीत, स्केटबोर्डवरून रस्त्याने घरंगळत जाताना हे गाणं लावतो, तो टिकटॉक व्हिडिओ. आपल्याकडे टिकटॉक त्याआधीच बंद झालं होतं, व्हिडिओ व्हॉट्सॅपवरून आला. चार्टमध्ये आता स्ट्रीमिंगही मोजतात, त्यामुळे ४३ वर्षांनी ते गाणं अमेरिकेत पुन्हा १२ व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि ‘रूमर्स’ पहिल्या दहात परतला.

वापराबद्दल दोन गोष्टी. गाडी भर उन्हात सदरला उभी असली तर सीडी आत ठेवू नका, माझा प्लेअर तापला की एसी लावून थंड होईस्तोवर ती ओळखतच नाही. आणि ज्यांच्याकडे ‘रूमर्स’ आधीच आहे त्यांची दुसऱ्या सीडीवर बरीच पुनरावृत्ती होईल. तशांनी १९६९ चा ‘देन प्ले ऑन’ आणि १९७२ चा ‘बेअर ट्रीज’ असे दोन सुटे अल्बम घ्यावेत. मी दुसरा शोधतोय, नागपुरात बर्डीत कोणाकडे जुनी कॅसेट जरी असली तरी कळवा.