ओलांझापिनची जिभेवर विरघळणारी गोळी: गावात वापरताना

स्किझोफ्रेनिया (भास आणि संशयाचा आजार) आणि बायपोलरमधल्या (उन्माद-उदासीच्या लाटांचा आजार) उन्मादासाठी ओलांझापिन हे भरवशाचं औषध. विरघळणारी गोळी घरच्यांना फार सोयीची, कारण ती गालात दाबून नंतर थुंकता येत नाही. मात्र पाकिटातून अंगठ्याने ढकलली की भुगा होतो. मागचा कागद सोलायचा, कोरड्या हाताने उचलायची, लगेच जिभेवर ठेवायची. पाकीट टिनाखालच्या फळीवर तापू देऊ नका.

डोस बहुधा 5 किंवा 10 मिलिग्रॅम, रात्री एकदा, कमाल 20. झोप काही दिवसांत लागते, भास आणि संशय ओसरायला 4 ते 6 आठवडे. ‘गुण नाही’ म्हणून दहाव्या दिवशी बंद करणं, इथेच बहुतेक घरं चुकतात.

दोष मोठा आहे: भूक खवळते, वजन आणि साखर वाढते. सुरुवातीलाच वजन, साखर, कोलेस्टेरॉल तपासा, 3 महिन्यांनी पुन्हा. बिडीच्या धुराने यकृत हे औषध लवकर संपवतं. बिडी अचानक सोडली तर तोच डोस जड होतो, माणूस दिवसभर पेंगतो; डॉक्टरांना आधी सांगा. खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीचं चघळायचं मिश्रण) तसं होत नाही, पण म्हणून तो चांगला नव्हे.

मे महिन्यात पाणी कमी पडलं की उठताना भोवळ येते. कडक ताप, लाकडासारखं ताठ अंग, बरळणं दिसलं तर ‘ऊन लागलं’ म्हणून कांदा चोळत बसू नका. पुढची गोळी थांबवा, तडक दवाखाना गाठा, गोळीचं पाकीट सोबत न्या. मोहाची दारू पूर्ण बंद. शंका असल्यास टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.