अ‍ॅन्सेल्मचं ‘प्रोस्लोगियन’: सात महिने उशाशी ठेवल्यावर

२६ प्रकरणं, तीही बहुतेक छोटी. रविवारच्या एका दुपारी संपेल म्हणून घेतलं होतं. सात महिने झाले, अजून उशाशीच आहे.

घेतलं ते त्या प्रसिद्ध युक्तिवादापायी. १०७७-७८ च्या सुमारास, फ्रान्सातल्या नॉर्मंडीत, बेकच्या मठात ख्रिस्ती साधू असताना अ‍ॅन्सेल्मने तो मांडला. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही, तो देव. असा देव नुसता मनातच असेल, तर प्रत्यक्षातही असणारा त्याहून थोर ठरेल आणि व्याख्याच मोडेल. सबब देव आहे. पहिले दोन महिने मी याच्याशी नुसता भांडत होतो. एकदा जेवताना बायकोला समजावलं, तर ती म्हणाली, “मग जिच्याहून चांगली होऊच शकत नाही अशी आमटीही असेलच की कुठेतरी. वाढू?”

गॉनिलो नावाच्या साधूने अ‍ॅन्सेल्मला हेच विचारलं होतं, फक्त आमटीच्या जागी बेट घेऊन. अ‍ॅन्सेल्मने उत्तर दिलं, आणि वर सांगितलं की यापुढे पुस्तकाची नक्कल कराल तेव्हा हा आक्षेपही सोबत उतरवा. इथे मी त्याला मानलं.

चूक माझीच झाली. मी थेट दुसऱ्या प्रकरणावर उडी मारली होती. पहिलं प्रकरण म्हणजे निव्वळ आळवणी, आणि तर्क सुरू होतो तो त्या आळवणीतच. बोलणं चालू आहे देवाशीच. माझी प्रत इंग्रजी. त्यातला ‘यू’ मनात ‘तुम्ही’ असाच उमटायचा. मूळ लॅटिनमध्ये एकवचनी ‘तू’ आहे हे कळल्यावर ‘तू’ म्हणून वाचायला लागलो, तेव्हा कुठे सूर लागला.

मग चौदावं प्रकरण. सिद्धता कधीच झालेली आहे, आणि हा माणूस स्वतःच्या जिवाला विचारतो: सापडला म्हणतोस, मग जाणवत का नाही? लगेच पंधराव्यात देवाला म्हणतो, तू तर कल्पनेत मावेल त्याहूनही थोर आहेस. व्याख्या त्यानेच केली आणि तिच्या पलीकडेही तोच गेला. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस, त्यालाही युक्तिवाद पटला नाही; मलाही पुरता पटलेला नाही. पण चौदावं सुटत नाही.

अठरापासून पुढे मात्र जरा रखडतं. माझ्या प्रतीची शिवणही तिसऱ्या महिन्यातच उसवली. घ्यायचंच असेल तर मागे गॉनिलोचा आक्षेप आहे ना, ते बघून घ्या. काही आवृत्त्यांत तो गाळतात.